लहान हायस्कूलमधले खेळ आणि मंडळं : सोलापुरातल्या नव्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये कामवाटपाचा कागद निघतो आणि तुमच्या नावापुढे लिहिलेलं असतं : क्रीडा, सहशालेय उपक्रम, विज्ञान मंडळ, सहल. तुमचा विषय असतो गणित किंवा हिंदी. शाळेत प्रत्येक इयत्तेची एक, फार तर दोन तुकड्या. पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नाही, आणि मैदान म्हणजे इमारतीपुढचं पटांगण. हा लेख अशाच शिक्षकांसाठी लिहिला आहे. मी विज्ञान शिकवतो आणि शहराच्या पूर्व भागातल्या एका लहान हायस्कूलमध्ये हे काम बरीच वर्षं सांभाळतो आहे. मला कोणी क्रमाने सांगितलं नव्हतं, म्हणून इथे क्रमाने सांगतो.

लहान शाळेतले उपक्रम मुलं कमी आहेत म्हणून फसत नाहीत. धावायला, बोलायला, नाचायला आणि प्रदर्शनात उभं राहायला तीच दहा-बारा हुशार मुलं पुढे केली जातात, तिथे ते फसतात. ही मुलं दमून जातात आणि बाकीची मुलं तीन वर्षं प्रेक्षक म्हणून काढून शाळा सोडतात. म्हणून माझा आग्रह असा की उपक्रम कमी घ्या, पण ते वर्षभर चालवा, आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव कुठल्या तरी एका यादीत असू द्या.

१. आधी मुलांची यादी करा, खेळांची नंतर

पहिल्या दोन आठवड्यांत एक साधी वही घाला. मुलाचं नाव, जनरल रजिस्टरप्रमाणे जन्मतारीख, राहायला कुठे, शाळेत येतो कसा, शाळा सुटल्यावर काय करतो आणि त्याला काय आवडतं, एवढे रकाने पुरेत. शेवटच्या दोन रकान्यांसाठी मुलांशी बोलावं लागतं. फॉर्म वाटलात तर सगळे ‘क्रिकेट’ लिहून देतात.

‘शाळा सुटल्यावर काय करतो’ हा रकाना सोलापुरात फार महत्त्वाचा. आमच्या भागात अनेक घरांत आई विड्या वळते आणि वडील यंत्रमागावर असतात. नववीतली एक मुलगी खो-खोच्या सरावाला कधीच थांबायची नाही, तेव्हा तिला आवड नाही असं सगळे धरून चालले होते. विचारल्यावर कळलं की घरी जाऊन पानं कापून द्यायची, धाकट्या भावाला सांभाळायचं आणि आईच्या विड्या मोजून बांधायच्या, हे तिचं रोजचं काम होतं. सराव शाळा भरण्यापूर्वी ठेवला तर ती सर्वांत आधी हजर असायची. असं मूल प्रत्येक शाळेत असतं. वेळ बदलून पाहिल्याशिवाय ‘याला रस नाही’ असं कुणाबद्दल लिहू नका.

जन्मतारखेच्या रकान्यावरून वयोगट काढा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. २०२५-२६ या वर्षासाठी १४ च्या गटात १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतर जन्मलेले, १७ च्या गटात १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतरचे आणि १९ च्या गटात १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतरचे खेळाडू येतात. दरवर्षी ही तारीख एका वर्षाने पुढे सरकते. शाळा आठवी ते दहावीचीच असेल, तर १४ खालचा सांघिक संघ बहुधा उभा राहत नाही. तुमचा खरा गट १७ खालचा. पाचवीपासून वर्ग असतील तर दोन्ही गटांचा विचार करा.

२. दोन सांघिक खेळ, दोन-तीन वैयक्तिक. यापेक्षा जास्त नको

शालेय स्पर्धांच्या यादीत इतके खेळ असतात की नवीन माणूस भांबावतो. पटसंख्या आणि पटांगण पाहून निवडा.

खो-खोला एका वेळी मैदानात नऊ खेळाडू लागतात, शिवाय राखीव. साहित्य जवळजवळ नाही, दोन खांब असले की झालं. सोलापूर जिल्ह्यात या खेळाची चांगली परंपरा आहे. माळशिरस तालुक्यातलं वेळापूर आणि पंढरपूर तालुक्यातलं वाडीकुरोली ही नावं खो-खो खेळणाऱ्या कुणालाही माहीत असतात. म्हणून इथली स्पर्धा सोपी नसते, हेही लक्षात असू द्या. पण मार्गदर्शन करणारा जुना खेळाडू जवळपासच्या गल्लीत सापडतो, आणि तो आनंदाने येतो.

कबड्डीला सात खेळाडू लागतात. मोठ्या मुलांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद असतं. मुलींचं १२ बाय ८. हे बहुतेक पटांगणात बसतं. मात्र खाली मुरूम आणि खडे असतील तर आधी माती टाकून घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गुडघे सोलून निघतील आणि पालक मुलांना पाठवायचं बंद करतील.

मुलींचा खो-खो आणि मुलांची कबड्डी, किंवा दोघांचाही खो-खो, अशी जोडी लहान शाळेला पेलते. क्रिकेटचा हट्ट मुलं धरतातच. मधल्या सुट्टीत टेनिस बॉलवर खुशाल खेळू द्या. पण संघ उतरवायचा तर किट, मैदान आणि अख्खा दिवस लागतो, आणि त्या पैशांत दोन वर्षांचं बाकीचं साहित्य येतं.

वैयक्तिक खेळांत मैदानी स्पर्धा, बुद्धिबळ, योगासनं, दोरीउड्या आणि कुस्ती हे पर्याय पाहा. बुद्धिबळाचे चार पट आणि एक बाक एवढ्यावर मंडळ चालू होतं. दम्याचा त्रास असलेला किंवा पायाने अधू असलेला मुलगा इथे शाळेचा पहिला खेळाडू होऊ शकतो. आमच्याकडे झाला आहे.

३. पटांगण आणि साहित्य

लागणाऱ्या वस्तू थोड्याच : फक्कीची (मैदान आखायच्या पांढऱ्या पुडीची) दोन पोती, तीस मीटरची टेप, सुतळी, लोखंडी मेखा, दोन शिट्ट्या, स्टॉपवॉच (मोबाइलवरचंही चालतं), दोरीउड्यांच्या दोऱ्या, गोळा, दोन रंगांची बिब, प्रथमोपचाराची पेटी.

आखणी मुलांकडून करून घ्या. कोपऱ्यावर मेख ठोकायची, तीन मीटर आणि चार मीटरच्या बाजू मोजायच्या, कर्ण पाच मीटर आला की कोपरा काटकोनात. पायथागोरसचा सिद्धांत नववी-दहावीच्या मुलांना त्या सकाळी जसा कळतो तसा फळ्यावर कळत नाही. मग सुतळी ताणून तिच्या कडेने चिमटीतून फक्की सोडत जायचं. वाऱ्याकडे पाठ करून, आणि वाकून. उभ्याने टाकली की रेघ पसरते आणि फक्की डोळ्यांत जाते.

विकत घेतलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) चढवा, आणि पावती चिकटवून ठेवा. तुटलेली वस्तू परस्पर फेकू नका. ती निर्लेखित करण्याची, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करण्याची, रीत असते, कार्यालयात विचारून घ्या. तपासणीच्या दिवशी एका हरवलेल्या फुटबॉलवर अर्धा तास जातो.

४. वर्षाचं वेळापत्रक सोलापूरच्या सणवारांवर बेता

छापील उपक्रम पुस्तिकेतलं वेळापत्रक आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही. नवीन शिक्षक बाहेरगावचा असेल तर इथे हमखास अडकतो.

नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महर्षींचा रथोत्सव असतो. पद्मशाली समाजातली मुलं त्या दिवशी आणि आदल्या दिवशीही मिळणार नाहीत, त्यांची वाट पाहू नका. गणेशोत्सवाआधी कित्येक आठवडे संध्याकाळी मंडळांचा लेझीमचा सराव सुरू होतो. मोठी मुलं तिकडे जातात, आणि सोलापूरचं लेझीम पाहिलेल्या कुणालाही ती का जातात हे सांगावं लागत नाही. नेमक्या याच काळात शालेय स्पर्धा येतात. तेव्हा या दिवसांत सराव सकाळी ठेवा. आणि लेझीम खेळणाऱ्या मुलांनाच शाळेचं पथक तयार करायला सांगा. जे ते गल्लीत शिकतात ते शाळेत आणलं की स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन या दोन्ही दिवसांची सोय होते.

जानेवारीचा मधला आठवडा सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा, म्हणजे गड्ड्याचा. नंदीध्वजांच्या मिरवणुका, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम आणि पुढे गड्ड्यावरचे पाळणे, या दिवसांत स्नेहसंमेलन किंवा क्रीडासप्ताह ठेवलात तर निम्मी शाळा रिकामी दिसेल. डिसेंबरचा तिसरा-चौथा आठवडा त्यासाठी बरा. मात्र १२ जानेवारी सोडू नका. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांवर मुलांनी स्वतः माहिती काढून बोलावं असा एक तास त्या दिवशी झालाच पाहिजे, मग तो परिपाठातला का असेना.

फेब्रुवारीत दहावी हातातून सुटते. मार्चपासून ऊन. सकाळी नऊनंतर मुलांना मैदानात उभं करू नका. एप्रिलमधला सोलापूरचा पारा ज्याने पाहिला आहे तो वाद घालणार नाही.

५. शालेय स्पर्धांची नोंदणी

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

आपली शाळा कुठल्या हद्दीत येते ते आधी पक्कं करा. शहरातल्या आणि हद्दवाढ भागातल्या शाळा सोलापूर महानगरपालिका क्षेत्राच्या स्पर्धेत खेळतात. हद्दीपलीकडच्या शाळा उत्तर किंवा दक्षिण सोलापूर तालुक्याच्या स्पर्धेत खेळतात आणि तिथून जिल्ह्याला जातात. पुढचा टप्पा विभागाचा. आपला विभाग पुणे, आणि त्यात पुणे, अहिल्यानगर व सोलापूर हे जिल्हे येतात. त्यानंतर राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. सीमेवरच्या शाळांनी ‘पत्ता सोलापूरचा आहे म्हणजे शहरच’ असं गृहीत धरू नये.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय कुमठा नाक्यावरच्या क्रीडा संकुलात आहे. जून-जुलैत शाळांच्या क्रीडाशिक्षकांची सभा होते. तिला स्वतः जा, शिपायाबरोबर पत्र पाठवून भागवू नका. कार्यक्रमपत्रिका, नियम आणि शुल्क तिथे कळतं. त्याहून मोलाचं म्हणजे मोठ्या शाळांचे जाणकार क्रीडाशिक्षक तिथे भेटतात. त्यांच्यातल्या एकाशी ओळख झाली की वर्षभराची अर्धी चिंता मिटते. तारीख बदलली, मैदान बदललं, हे आधी त्यांच्याच गटावर येतं. सुब्रतो चषक फुटबॉल आणि नेहरू हॉकीची गडबड बाकीच्यांच्या आधी सुरू होते, तो खेळ घ्यायचा असेल तर जूनमध्येच हालचाल करा.

आता नोंदणी मुख्यतः ऑनलाइन होते. शाळेची नोंदणी आणि शुल्क आधी, मग खेळनिहाय खेळाडूंची नावं. त्यानंतर अर्जाची प्रत काढून मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्यायचा आणि ती प्रत स्पर्धेच्या ठिकाणी घेऊन जायची.

एका मोठ्या पाकिटात पुढील कागद कायम तयार ठेवा :

- खेळाडूचं ओळखपत्र, ठरलेल्या नमुन्यात, फोटोसह
- जनरल रजिस्टरचा उतारा किंवा बोनाफाईड
- जन्मदाखल्याची प्रत
- आधारकार्डाची प्रत
- ऑनलाइन प्रवेश अर्जाची सही-शिक्क्याची प्रत
- पालकांचं संमतीपत्र
- शुल्काची पावती
- प्रत्येक खेळाडूचे चार-पाच जादा फोटो
- स्टेपलर, डिंक, काळा पेन

सहज होणाऱ्या चुका सांगतो. ओळखपत्रावरचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर आला पाहिजे. नुसता कागदावर मारलेला शिक्का पंच मान्य करत नाहीत, आणि मुख्याध्यापक त्या क्षणी शाळेत असतात, तुम्ही पार्क मैदानावर. आधारवरची जन्मतारीख आणि जनरल रजिस्टरमधली तारीख वेगळी असणं ही तर आमच्या भागातली नेहमीची गोष्ट. घाईने आधार काढताना १ जानेवारी टाकून दिलेली असते. जुलैमध्ये दोन्ही तारखा ताडून पाहा. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, आणि सप्टेंबरमध्ये लक्षात आलं तर ते मूल बाहेर बसतं. नावातही तसंच. तेलुगू आणि कन्नड आडनावं मराठीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. प्रमाणपत्रावर जे येईल ते दहावीच्या अर्जावरच्या नावाशी जुळलं पाहिजे.

कबड्डी आणि कुस्तीला वजनगट असतो. घरी किंवा दवाखान्यातल्या काट्यावर आठवडाभर आधी वजन करा. मूल वजनात बसत नसेल तर खेळाडू बदला. उपाशी ठेवून, पाणी तोडून वजन उतरवायला कुणी सांगत असेल तर साफ नकार द्या. वाढत्या वयातल्या मुलाशी असं वागायचं नसतं.

६. स्पर्धेच्या दिवशी

स्पर्धा पार्क मैदानावर, कुमठा नाक्याच्या संकुलात, नेहरूनगरच्या मैदानावर किंवा एखाद्या मोठ्या शाळेत असते. नऊची वेळ दिली की पहिला सामना अकराला सुरू होऊ शकतो. पण नाव पुकारल्यावर संघ हजर नसेल तर समोरच्याला पुढे चाल मिळते. तेव्हा वेळेवर पोहोचा आणि बसायची तयारी ठेवा. डबा, पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, सावलीसाठी एक सतरंजी.

मुली असतील तर सोबत शिक्षिका हवीच. नसेल तर एखाद्या आईला विनंती करा, आणि मुख्याध्यापकांकडून तशी लेखी नोंद घ्या. जाताना जितक्या मुलांना घेऊन गेलात तितक्यांना परत शाळेत आणा. ‘माझं घर वाटेतच आहे सर’ असं कुणी म्हणालं तरी पालकांशी फोनवर बोलल्याशिवाय सोडू नका.

पहिल्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत हरेल, बहुधा मोठ्या फरकाने. त्यानंतर लगेच परत निघू नका. जिंकलेल्या संघाचा पुढचा सामना मुलांना बसून पाहू द्या. आमच्या मुलींनी एका वर्षी असाच एक उपांत्य सामना पाहिला. खांबावरून वळताना समोरच्या मुली शरीर किती खाली नेतात, हे त्या आपापसांत बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या शाळेच्या खांबाशी तेच करून पाहत होत्या. मी काही शिकवलं नव्हतं.

निकालाविषयी तक्रार असेल तर ती लेखी, ठरलेल्या मुदतीत आणि शुल्क भरून करायची असते. मैदानावर पंचांशी आवाज चढवून बोलणारा शिक्षक मुलांच्या कायम लक्षात राहतो.

७. मंडळं : वर्षभर चालतील अशी तीनच

सोळा मंडळांचा फलक भिंतीवर आणि काम एकाचंही नाही, असं चित्र खूप ठिकाणी दिसतं. तीन पुरेत. आठवड्याचा एक ठरलेला तास, बहुधा शनिवारचा शेवटचा, मुख्याध्यापकांकडून वेळापत्रकात छापून घ्या. छापलेला तास सहसा कुणी काढून घेत नाही. तोंडी ठरलेला तास मात्र दहावीच्या जादा तासाला जातो.

वाचन-लेखन मंडळ. दर महिन्याला एक भित्तिपत्रक आणि वर्षाअखेर एक हस्तलिखित. सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी उर्दू बोलणारी मुलं असतात. निबंधात ती गप्प, पण घरातल्या गोष्टी सांगताना त्यांना थांबवावं लागतं. आमच्या एका भित्तिपत्रकाचा विषय होता ‘आमच्या घरचं जेवण’. एका मुलाच्या आजोबांनी शाळेच्या व्हरांड्यात बसून, गुडघ्यावर पुठ्ठा ठेवून, तेलुगू लिपीत चार ओळी लिहून दिल्या. खाली नातवाने त्याच मजकुराचं मराठी लिहिलं. तो मुलगा त्यानंतर मंडळाचा एकही तास चुकला नाही. शाळेत चार भाषा आपोआप आलेल्या आहेत, त्यांचा उपयोग करा.

निसर्ग मंडळ. राष्ट्रीय हरित सेनेत शाळेची नोंद असेल तर तेच नाव ठेवा. झाडं लावण्याचा फोटो काढून थांबू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव आणि हिप्परग्याचा तलाव इथे स्थलांतरित पक्षी येतात. एक दुर्बीण आणि एक वही घेऊन महिन्यातून एका रविवारी सकाळी जा. कुठला पक्षी, किती, काय करत होता, एवढंच लिहायचं. दोन हिवाळ्यांच्या वह्या झाल्या की त्यातूनच विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प तयार होतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ आहे. माळढोक दिसणं आता फार दुर्मीळ, हे मुलांना आधीच सांगा. काळविटं मात्र दिसतात, आणि गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे हे तिथे उभं राहिल्यावर समजतं. वनविभागाची परवानगी आधी घ्या.

तिसरं स्काऊट-गाईड किंवा बुद्धिबळ, शाळेत कुणाला येतं त्यावर. स्काऊट-गाईडसाठी शिक्षकाला प्रशिक्षण घ्यावं लागतं, गणवेशाचा खर्च येतो, पण ‘खरी कमाई’सारखा, स्वतः काम करून पैसे मिळवण्याचा, उपक्रम मुलांना फार शिकवून जातो. एनसीसी चांगलीच, पण नवं पथक मिळवणं लहान शाळेला अवघड. पहिल्या वर्षी त्यामागे लागू नका.

प्रत्येक मंडळाचा सचिव आठवी-नववीतला निवडा, दहावीतला नको. आणि वर्गात पहिला येणाराच सचिव होईल असं ठरवून टाकू नका.

८. विज्ञान आणि चित्रकला

इन्स्पायर अवार्ड मानक योजनेत शाळेला विद्यार्थ्यांच्या पाच कल्पना ऑनलाइन पाठवता येतात. निवड झाली तर प्रतिकृती करण्यासाठी दहा हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात. म्हणून मुलाच्या नावाचं बँक खातं लागतं, तेही आधीपासून. बाजारातून प्रतिकृती आणून नाव घालण्याचा मोह सर्वत्र आहे. त्यापेक्षा मुलांना विचारा की घरात कुठल्या कामाचा त्रास होतो. यंत्रमागाचा आवाज, तंबाखूची धूळ, पाणी दिवसाआड येण्याचा हिशेब, अशी उत्तरं येतात. यातली प्रत्येक एक अस्सल कल्पना आहे. नामांकनाची मुदत पावसाळ्यात असते, शेवटच्या दिवशी संकेतस्थळ चालत नाही.

केगाव भागातलं सोलापूर विज्ञान केंद्र सहलीसाठी जवळचं आणि स्वस्त आहे. मुलांना प्रदर्शनापूर्वी तिथे घेऊन जा, नंतर नको.

शासकीय रेखाकला परीक्षा विसरू नका. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. कलाशिक्षक नसेल तर केंद्र असलेल्या शेजारच्या शाळेशी बोलून मुलांना बसवता येतं. आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट अशी आखणी केली की दहावीचं वर्ष मोकळं राहतं.

९. सहल, पैसे, सुरक्षितता

सहलीला शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाची परवानगी, प्रत्येक पालकाचं संमतीपत्र आणि मुलांची यादी लागते. एसटीच्या बसला शैक्षणिक सहलीसाठी भाड्यात निम्मी सवलत आहे. आगाराकडे अर्ज लवकर द्या, डिसेंबरमध्ये गाड्या मिळत नाहीत. ज्याला वर्गणी जमणार नाही त्याचं नाव वर्गात कुणी उच्चारू नये. अशी दोन-चार मुलं असतातच, त्यांची सोय माजी विद्यार्थ्यांकडे शांतपणे शब्द टाकून करा.

पैसे स्वतःच्या खिशात किंवा मोबाइलवर घेऊ नका. देणगी शाळेच्या पावतीवरच. माजी विद्यार्थी रोख देण्यापेक्षा वस्तू देतात तेव्हा हिशेब सोपा होतो : दहा दोऱ्या, दोन बुद्धिबळाचे पट, एक दुर्बीण.

मुलींच्या सरावाला दार बंद असलेली खोली वापरू नका. बाहेरून येणारा प्रशिक्षक कितीही ओळखीचा असला तरी त्याची लेखी नोंद मुख्याध्यापकांकडे हवी आणि सरावाच्या वेळी शाळेतलं कुणीतरी तिथे हवं. शाळेतली सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) कागदावर न ठेवता तिच्या सदस्य शिक्षिकेची ओळख मुलींना वर्गात करून द्या, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक फलकावर लिहून ठेवा.

१०. प्रमाणपत्रं आणि दहावीचे क्रीडागुण

स्पर्धेतून मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र मुलाच्या हाती देण्यापूर्वी त्याची प्रत शाळेच्या फाईलमध्ये लावा. मूळ कागद पावसात भिजतो, घर बदलताना हरवतो. प्रमाणपत्रावर नाव, जन्मतारीख, खेळ, गट आणि स्पर्धेचा स्तर बरोबर आहे का हे त्याच दिवशी पाहा. चूक असेल तर लगेच दुरुस्त करून मिळते, दोन वर्षांनी कुणी दाद देत नाही.

दहावीला क्रीडागुणांची सवलत ठरलेल्या स्तरावरच्या सहभागाला किंवा यशाला मिळते. कुठल्या स्तराला किती, कुठल्या इयत्तेतली कामगिरी धरायची, हे शासन निर्णयात दिलेलं असतं. त्याची प्रत जिल्हा क्रीडा कार्यालयातून घेऊन फाईलच्या पहिल्या पानाला लावा. प्रस्ताव शाळेतून क्रीडा कार्यालयाकडे आणि तिथून परीक्षा मंडळाकडे (बोर्डाकडे) जातो. ही मुदत दहावीच्या परीक्षेच्या धावपळीतच येते, आणि मुलाला किंवा पालकाला ती माहीत नसते. म्हणून दिवाळीनंतर दहावीच्या वर्गात जाऊन पात्र मुलांची नावं लिहून घ्या, जानेवारीत गड्ड्याच्या सुट्टीआधी त्यांचे कागद जमा करा आणि प्रस्ताव पाठवल्यावर पोच घेऊन ती मुलाच्या कागदांमागे लावा.